झाली किती, हयात किती

जनगणनेच्या फॉर्मात लग्न झालेल्या प्रत्येक बाईसाठी दोन रकाने असतात. आजवर एकूण किती मुलं जन्माला आली, आणि त्यातली आज किती हयात आहेत. २०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका म्हटल्यावर ती ड्यूटी आलीच. तहसीलला प्रशिक्षण झालं, नजरी नकाशा काढून झाला, घरांवर नंबर पडले, आणि फेब्रुवारीत शाळा सुटली की वस्त्या फिरायला सुरुवात झाली. पाटण तालुक्यातली डोंगराकडची गावं ही. घरचा कर्ता मुंबईत माथाडीत नाहीतर कुठल्या कंपनीत. त्यामुळे दारात येऊन माहिती देणाऱ्या बहुतेक बायकाच.

नाव, शिक्षण, कामधंदा हे भराभर व्हायचं. अडायचं ते वयाशी. म्हाताऱ्या बायकांना जन्मसाल कुठलं माहीत असायला? पण कोयनेचा भूकंप सगळ्यांना ठाऊक. "भूकंपाच्या टायमाला माझी थोरली पाळण्यात हुती," असं म्हटलं की ११ डिसेंबर १९६७ वरून मागे मोजायचं आणि वय लिहायचं. त्यानंतर ते दोन रकाने यायचे. एका आजीला मी विचारलं, आजी, मुलं किती? ती म्हणाली, "झाली तर नऊ. हायती चार." मी पेन थांबवलं. ती मात्र थांबली नाही. पहिली दोन बारशाआधीच गेली. एक गोवरानं गेला, चांगला चालता-बोलता होता. एक हगवणीनं. पाचव्याचं तिला नीट सांगता येईना, "अंगात ताप भरला अन् गेलं" एवढंच. शेजारी तिची सून तांदूळ निवडत बसली होती. तिला विचारलं तर मान वर न करता म्हणाली, "दोन. दोन्ही हायत. ऑपरेशन झालंय."

एका घरातल्या दोन ओळी. वरच्या ओळीत नऊ आणि चार, खालच्या ओळीत दोन आणि दोन. भारताच्या लोकसंख्येबद्दल पुढे मी जे काही वाचलं, ते सगळं या दोन ओळींपाशी येऊन थांबतं असं मला वाटतं. लोकसंख्या म्हटलं की आपल्याकडे अजूनही 'विस्फोट' हाच शब्द तोंडात येतो. निबंधाच्या वहीत तोच, लग्नाच्या पंगतीत तोच. "लोक अडाणी, पोरं काढत बसतात, म्हणून देशाचं हे असं." हे वाक्य ज्यांच्याबद्दल बोललं जातं त्या बायकांच्या दारात मी उभी राहिले आहे. म्हणून हे लिहिते आहे.

नऊ मुलं होऊ देणं हा अडाणीपणा नव्हता. पाच जाणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण काही जाणार हे तिला पक्कं माहीत होतं, कारण तिच्या सासूची गेली होती, जावेची गेली होती, शेजारणीची गेली होती. शंभर वर्षांपूर्वीचा देशाचा आकडाच बघा. १९११ साली भारतात, आजच्या हद्दीत मोजलं तर, २५.२ कोटी माणसं होती. १९२१ च्या जनगणनेत ती २५.१ कोटी भरली. दहा वर्षं बायका बाळंत होत राहिल्या आणि माणसं वाढण्याऐवजी कमी झाली. १९१८ चा इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरातून शिरला आणि देशभर पसरला. त्यात गेलेल्यांचा अंदाज एक ते दोन कोटींच्या मध्ये कुठेतरी केला जातो. दुष्काळ, प्लेग, पटकी होतीच. त्याच १९२१ साली मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. माणसं किड्यामुंगीसारखी मरत असताना हा एक प्राध्यापक बाईच्या शरीराचा विचार करत होता, आणि त्यापायी त्याला पुढे नोकरी सोडावी लागली. लोकसंख्येची भीती त्या काळात फारशी नव्हतीच. कर्व्यांना काळजी होती ती दरवर्षी बाळंत होऊन झिजणाऱ्या बाईची. ते केंद्र आपल्या मुंबईत निघालं याचा मला फार अभिमान वाटतो.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. १९५१ ला लोकसंख्या ३६ कोटी. २०११ ला ती १२१ कोटी झाली. या साठ वर्षांत बायकांनी आधीपेक्षा जास्त मुलं जन्माला घातली असं अजिबात नाही. पन्नासच्या दशकात बाईला सरासरी सहा मुलं होत होती, आणि आकडा त्यानंतर उतरतच गेला. वाढ झाली ती मरणं थांबली म्हणून. आधी मरणं कमी होतात, मग लोकांचा त्यावर विश्वास बसायला एखादी पिढी जाते, आणि मग जन्म कमी होतात. मधल्या त्या पिढीत लोकसंख्या झपाट्याने वाढते. जगात जिथे जिथे माणसं दीर्घायुषी झाली तिथे बहुतेक ठिकाणी हे असंच घडलं. ज्याला आपण विस्फोट म्हणालो, तो खरं तर लेकरं जगायला लागल्याचा हिशेब होता.

ती जगायला कशी लागली, हे जवळून पाहण्यासारखं आहे, कारण त्यात कुठलंही मोठं यंत्र नाही. त्या आजीची पहिली दोन बारशाआधी गेली. अंगणातल्या बाळंतपणात नाळ विळ्यानं कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं, आणि सात-आठ दिवसांत बाळ आखडायचं, दूध ओढायचं थांबायचं. बाहेरची बाधा म्हणायचे लोक. तो धनुर्वात होता. गरोदरपणात आईला टोचायच्या टीटीच्या दोन इंजेक्शनांनी आणि एका निर्जंतुक ब्लेडने तो हटला. २०१५ मध्ये माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जाहीर झालं. वर्तमानपत्रात ती बातमी मोठी आली नाही, यायला हवी होती. गोवराची लस १९८५ पासूनच्या सार्वत्रिक लसीकरणात आली. आणि हगवण! १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत कॉलराने माणसं पटापट मरत होती. सलाइन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाण्यात मीठ, साखर, सोडा कालवून पिंपातून लोकांना प्यायला द्यायला सुरुवात केली. छावणीतलं मरणाचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज आशाताईच्या पिशवीत असलेली ओआरएसची पुडी ती हीच.

आणि गडचिरोली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या खेड्यांतल्या, चार बुकं शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला, ऊब द्यायला, न्यूमोनिया ओळखायला, गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. डॉक्टर नव्हते, दवाखाना नव्हता, गावातलीच बाई होती. पुढे हेच देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांचं काम झालं. १९७१ मध्ये देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत दगावत होती. २०२३ मध्ये २५. महाराष्ट्रात २०२० सालीच हा आकडा १६ वर आला होता. केरळात ६. अजून उतरायला जागा आहे, पण १२९ वरून इथवर येताना काय काय वाचलं ते त्या आजीला विचारा.

सुनेच्या ओळीकडे येते.

"ऑपरेशन झालंय" हे दोन शब्द मी त्या फेब्रुवारीत घरोघर ऐकले. विचारायचा प्रश्नच नव्हता तो, पण बायका आपण होऊन सांगायच्या, जणू एक काम उरकलं. आमच्याकडे त्याचे प्रकारही ठरलेले, टाक्याचं आणि बिनटाक्याचं. दुसऱ्या बाळंतपणानंतर, पंचविशीच्या आसपास, कधी त्याच्याही आधी. शिबिराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पहाटेपासून बायका उपाशीपोटी येऊन बसलेल्या. ऑपरेशन झालं की व्हरांड्यात सतरंजीवर ओळीने झोपवलेल्या, सोबत आई नाहीतर सासू, कडेवर तान्हं. दुपारनंतर जीपमधून घरी. आठ दिवसांत पुन्हा पाण्याच्या हंड्याला हात. नर्सबाईंना वर्षाच्या 'केसेस' पूर्ण करायच्या असायच्या. १९९६ मध्ये सरकारने कागदावरून टार्गेट काढून टाकलं, तरी मार्च जवळ आला की केसेसची धावपळ आम्ही बघायचोच.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ ३८ टक्के बायकांनी नसबंदी करून घेतलेली आढळली. महाराष्ट्रात ४९ टक्के. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा देशात ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, धोका कमी, पोट उघडावं लागत नाही, हे सगळं डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. तरी आकडा शून्यावर जेमतेम.

याचं एक मूळ आणीबाणीत आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, त्यातले बहुसंख्य पुरुष होते. रेशन, पगार, बदली, कर्ज, सगळं नसबंदी केल्याच्या चिठ्ठीला बांधलं गेलं. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं विधिमंडळ आपल्या महाराष्ट्राचं होतं, हे किती जणांना आठवतं? १९७६ मध्ये ते मंजूर झालं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही, एवढंच. १९७७ ला लोकांनी मतपेटीतून उत्तर दिलं आणि त्यानंतर कुठल्याही सरकारची पुरुषांना हात लावायची हिंमत झाली नाही. मग सगळा भार बायकांवर टाकून देण्यात आला. बायकांनी मोर्चे काढले नाहीत, म्हणून ते चाललं. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली आणि डझनाहून अधिक बायका दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं बजावलं. देशाचा जन्मदर खाली आला याचं श्रेय कुणाला द्यायचं अशी चर्चा निघते, तेव्हा योजनांची नावं घेतली जातात. व्हरांड्यातल्या त्या सतरंजीचं नाव कुणी घेत नाही.

सक्ती नसती तर लोकसंख्या आटोक्यात आली नसती, असं म्हणणाऱ्यांसाठी केरळचं उदाहरण पुरेसं आहे. एका बाईमागे सरासरी २.१ मुलं झाली की पिढी जेवढ्यास तेवढी राहते, असं मानतात. केरळने ती पातळी १९८८ मध्ये गाठली. मुली शिकल्या, बाळंतपणं दवाखान्यात झाली, बाळं जगली. चीनने १९८० च्या आसपास एक मूल सक्तीचं केलं, २०१५ पर्यंत रेटलं, आणि आता मुलं होऊ द्या म्हणून तिथलं सरकार विनवण्या करतं आहे. लोक मात्र ऐकत नाहीत. त्यांची लोकसंख्या २०२२ पासून घटायला लागली. २०२३ मध्ये आपण त्यांना मागे टाकून पहिले झालो, तेव्हा आपल्याकडे पुन्हा विस्फोटाचे मथळे आले. त्या मथळ्यांच्या दिवशी भारतातल्या बाईला सरासरी दोन मुलंही होत नव्हती! २०२३ च्या नमुना नोंदणी पाहणीत देशाचा प्रजनन दर १.९ आहे. महाराष्ट्राचा तर २०१९-२१ मध्येच १.७ होता.

धर्माचंही बोलून टाकते, कारण हा विषय निघाला की दुसऱ्या मिनिटाला 'त्यांची' गोष्ट निघते. १९९२-९३ मध्ये मुस्लिम बाईला सरासरी ४.४ मुलं होत होती, २०१९-२१ मध्ये २.४. हिंदू बाईला ३.३ वरून १.९. उतार दोन्हीकडे आहे, मुस्लिमांत जास्त तीव्र आहे. २०१९-२१ मध्ये जम्मू-काश्मीरचा दर १.४ होता आणि बिहारचा ३.०. न शिकलेल्या बाईला देशात सरासरी २.८ मुलं होतात, बारावी किंवा त्यापुढे शिकलेलीला १.८. माझ्या वर्गात सगळ्या घरांतल्या मुली बसतात. कुणाची शाळा सातवीनंतर सुटते यावर पुढचं बरंच ठरतं, देव कोणता यावर नाही.

या सगळ्यात एक जखम आहे आणि ती आपल्या महाराष्ट्राने स्वतःला करून घेतली आहे. सहा-सात मुलं होऊ द्यायची तर मुलगा कधीतरी होतोच. दोनच होऊ द्यायची तर होईलच असं नाही. कुटुंब लहान झालं, मुलाची हाव मात्र तेवढीच राहिली, आणि नेमकी त्याच वेळी सोनोग्राफीची मशिनं तालुक्याला आली. ऐंशीच्या दशकात मुंबईत, आता थोडा खर्च करा आणि पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागायच्या. बायकांच्या संघटना लढल्या आणि १९८८ मध्ये गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य ठरलं. तरीही आकडे असे: सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ ला ९४६, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. ऊस, दूध, साखर कारखाने असलेल्या सधन कोल्हापुरात २००१ साली ८३९, आणि ज्याला आपण मागास म्हणतो त्या गडचिरोलीत २०११ ला ९६१. मुली नकोशा करायला पैसा आणि गाडीरस्ता लागतो, हे या आकड्यांनी मला शिकवलं.

आमच्या सातारा जिल्ह्यात मुलींची नावं 'नकुशा' असायची. तिसरी-चौथी मुलगी झाली की ठेवायचे, पुढचा मुलगा व्हावा म्हणून. हजेरी घेताना ते नाव उच्चारायचं म्हणजे रोज त्या पोरीला सांगायचं की तू नको होतीस. २०११ च्या ऑक्टोबरात जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन अशा दोनशेहून अधिक मुलींची नावं बदलली. आता ते नाव वर्गात येत नाही. कारण नकोशा मुली आता जन्मालाच येत नाहीत, अशी शंका मनात येते आणि छळते. २०२१ मध्ये 'देशात हजार पुरुषांमागे १०२० बायका' अशी बातमी आली तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटायचे बाकी होते. ती नमुना पाहणी होती, तिच्यात कामासाठी बाहेर गेलेले पुरुष घरात मोजले जात नाहीत, आणि बायका मुळात जास्त जगतात. त्याच पाहणीत पाच वर्षांत जन्मलेल्या बाळांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली देशात ९२९, महाराष्ट्रात ९१३ आहेत. निसर्गाने ९५० च्या आसपास असायला हव्यात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले आणि बायको मिळवून द्या म्हणाले. लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या मुलांच्या जन्माच्या वेळच्या मुली कुठे गेल्या ते त्यांच्या गावातल्या सगळ्यांना माहीत आहे.

मग लोकसंख्या अजून वाढते कशी, असं मुलं विचारतात. मी त्यांना फळ्यावर मांडून दाखवते. दोन घरांतले आजी-आजोबा मिळून चौघं. प्रत्येक घरात जगलेली मुलं चार, म्हणजे आठ. त्या आठांची चार जोडपी झाली आणि प्रत्येक जोडप्याने दोनच होऊ दिली तरी नातवंडं आठ. आणि आजी अजून जिवंत आहे, ऐंशीची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे हे असं २०६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालेल, तेव्हा आपण १७० कोटींच्या आसपास असू, आणि मग उतार लागेल. आमच्या डोंगरात तो आधीच लागला आहे. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. ठाणे जिल्ह्याची त्याच काळात ३६ टक्क्यांनी वाढली. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांवर आहेत आणि त्यांचं काय करायचं यावर खलिते निघत असतात. पटावर सात मुलं असलेल्या शाळेत कबड्डीचा एक संघ उभा राहतो, समोर खेळायला कुणी नसतं. अशा शाळेत शिकवणं कसं असतं ते शहरातल्या माणसाला सांगून कळणार नाही.

आता सूर बदललाय. ज्या पुढाऱ्यांनी दोनच पुरेत म्हणून सांगितलं, त्यांच्यातलेच काही जास्त मुलं होऊ द्या म्हणायला लागलेत. आंध्र प्रदेशने २०२४ मध्ये, दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्यांना स्थानिक निवडणूक लढवता येणार नाही हा नियम काढून टाकला. यामागे जागांचं गणित आहे. कुठल्या राज्याला लोकसभेच्या किती जागा हे अजून १९७१ च्या लोकसंख्येवर चालतं. ते नव्या जनगणनेवर गेलं तर ज्यांनी कुटुंब लहान ठेवलं त्या दक्षिणेच्या राज्यांचं वजन कमी होणार. त्यांची तक्रार रास्त आहे असं मला वाटतं. पण उपाय म्हणून पुन्हा बाईच्या पोटाकडे बोट दाखवणार असाल, तर तेव्हाही तिला विचारलं नव्हतं आणि आताही विचारत नाही आहात.

आणि हे सगळं आपण कुठल्या आकड्यांवर बोलतो आहोत? १८८१ पासून दर दहा वर्षांनी होणारी जनगणना २०२१ मध्ये झाली नाही. कोरोना हे कारण होतं, पण पुढची इतकी वर्षं? अन्नसुरक्षा कायद्याचं धान्य सुमारे ८१ कोटी लोकांना मिळतं, तो आकडा २०११ च्या लोकसंख्येवरून काढलेला आहे. त्यानंतर जन्मलेली, वाढलेली माणसं त्यात धरलेलीच नाहीत. दहा कोटींहून अधिक माणसं बाहेर राहिली असा अंदाज अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्येच मांडला होता. मोजलं न जाणं म्हणजे रेशनच्या दुकानातून रिकाम्या पिशवीने परत येणं. पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण, म्हणजे ज्या घडीची लोकसंख्या धरायची ती घडी, १ मार्च २०२७ ची मध्यरात्र ठरला आहे. या वेळी मोबाइल ॲप आहे आणि आपली माहिती आपण भरायची सोय आहे. माझी एकच विनंती आहे. घरातल्या पुरुषाने फोन हातात घेऊन बाईची माहिती परस्पर भरू नये. गेलेली बाळं किती, हे अनेक नवऱ्यांना आठवत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती त्या सुनेची. आता ती पन्नाशीला आली. तिची दोन्ही मुलं शिकली, पुण्याला आहेत, भाड्याच्या खोलीत. नवऱ्याची पाठ माथाडीत गेली. सरकारने सांगितलं ते तिने ऐकलं, शरीरावर सोसलं, आणि म्हातारपणी चार मुलांपैकी एक तरी जवळ राहील ही जुनी सोय तिने स्वतःच्या हाताने मोडली. २०११ मध्ये देशात साठीपुढची माणसं ८.६ टक्के होती. २०३६ पर्यंत ती १५ टक्क्यांच्या जवळ जातील. महाराष्ट्रात २०११ मध्येच ती ९.९ टक्के होती, आणि आमच्या वाड्यांमध्ये, जिथे तरुण उरलेच नाहीत, तिथे हे प्रमाण काय असेल ते गणपती आणि शिमगा सोडून कुठल्याही दिवशी येऊन बघा. साठी ओलांडलेल्या, ऐंशी न गाठलेल्या गरीब माणसाला केंद्र सरकार निवृत्तिवेतन म्हणून महिना २०० रुपये देतं. गेली कित्येक वर्षं तेवढेच. राज्याचे धरून हातात १५०० येतात. गुडघेदुखी, साखर, बीपीच्या गोळ्या आणि तालुक्याला जायचं वडापचं भाडं त्यात कसं बसवायचं?

आपली सगळी ग्रामीण आरोग्यव्यवस्था आई आणि मूल यांच्याभोवती बांधली गेली. ती बांधली म्हणून १२९ चे २५ झाले, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. बाळंतिणीच्या घरी आशाने सहा-सात फेऱ्या मारायच्या, कोणत्या दिवशी मारायच्या, काय तपासायचं, फेऱ्यांचे मिळून अडीचशे रुपये, हे सगळं ठरलेलं आहे. आता तशाच फेऱ्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या घरी ठरवून द्यायला हव्यात. बीपी, साखर, डोळे, जेवण होतं का, गोळ्या संपल्या का. त्याचे पैसे आशाला वेगळे आणि वेळेवर मिळायला हवेत, अडीचशे नव्हे, तिच्या पायपिटीला शोभतील एवढे. उपकेंद्रात लसीकरणाचा वार ठरलेला असतो, तसा एक वार म्हाताऱ्यांचा ठरायला हवा, आणि त्या दिवशी वाडीवर गाडी यायला हवी. कोणत्या वाडीत अशा किती जणी आहेत हे २०२७ नंतर सरकारच्या हातात असेलच.